आकडा तपासला एकानं, वाचला दुसऱ्यानं: एलव्हीएमवरच्या आमच्या साधनात झालेला घोळ

दफ्तरखाना | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण तुकड्यातुकड्यांत सांगितलं तर नेमकं मधलंच सुटेल, म्हणून सगळं एकदमच मांडते.

आमच्या संस्थेत जुन्या मोडी कागदांचं स्कॅनिंग चालतं. कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल सोडायचा, एकेक कागद उलगडायचा, स्कॅन करायचा आणि होता तसा परत बांधायचा. घडीवर कागद किती ठिसूळ झालेला असतो हे ज्यांनी हाताळलंय त्यांना सांगायला नको. त्यामुळे एक रुमाल एकदाच उघडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. गेल्या आठवड्यात एक रुमाल दुसऱ्यांदा उघडावा लागला. का, तर वेबपानावरच्या एका चौकटीत टाकलेला आकडा.

सर्व्हरवरची जागा एलव्हीएम सांभाळतं, म्हणजे लिनक्सवर डिस्कच्या जागेचे भाग पाडून देणारी प्रणाली. त्यात ४ टीबीचा व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा एकत्र साठा, आहे. त्यात एक थिन पूल (लागेल तशी जागा देणारा हौद), आणि स्कॅन त्या पुलातल्या व्हॉल्यूमवर, म्हणजे जागेच्या एका भागावर, उतरतात. पूल ८० टक्के भरला की आपोआप २० टक्क्यांनी वाढावा अशी सोय केली आहे आणि त्यासाठी ग्रुपमध्ये साधारण १ टीबी मुद्दाम मोकळी ठेवली होती. कामावरच्या लोकांना मधूनमधून तात्पुरती जागा लागते. दर वेळी मला शोधत यायला नको म्हणून आधीच्या कंत्राटदारानं एक पान करून दिलं होतं: नाव टाका, आकार जीबीत टाका, बटण दाबा. पान पायथॉनमधलं. त्याच्यामागे रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकारानं चालणारा सी मधला छोटा प्रोग्राम, आणि तो पुढे एलव्हीक्रिएट ही व्हॉल्यूम बनवणारी आज्ञा चालवतो.

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला एका सहकाऱ्यानं २० जीबी मागितले. दिवसभर मराठीत नोंदी टंकत असल्यामुळे त्याचा कळफलक मराठीच होता. चौकटीत गेले देवनागरी आकडे. पानानं 'व्हॉल्यूम तयार' असं सांगितलं आणि तो घरी गेला.

तयार झालेला व्हॉल्यूम २० जीबीचा नव्हता. ग्रुपमध्ये उरलेली सगळी जागा त्यानं घेतली होती.

संध्याकाळच्या पाळीचं स्कॅनिंग चालूच होतं. पूल ८० टक्क्यांवर पोचला, वाढायला गेला, पण ग्रुपमध्ये एकही एक्स्टेंट (जागेचा ठरीव तुकडा) शिल्लक नव्हता. तसाच भरत भरत तो १०० टक्के झाला. पूल भरला की लिहिणं ६० सेकंद अडवून धरलं जातं आणि तेवढ्यात जागा मिळाली नाही तर लिहिणाऱ्याला चूक परत येते. आमचा स्कॅनिंगचा प्रोग्राम फाइल लिहून 'जतन झाली' म्हणतो, पण ती डिस्कवर खरंच उतरली का याची खातरजमा करत नाही. मजकूर आधी मेमरीत राहतो, डिस्कवर मागाहून जातो. ती मागाहूनची चूक कोणी ऐकलीच नाही. सकाळी पाहिलं तर फाइलींची नावं होती, आकार बरोबर होते, आत मात्र शून्यं. एका रुमालाचे २१२ स्कॅन गेले.

कारण सापडलं एलव्हीएमच्या आर्काइव्ह फोल्डरात. प्रत्येक बदलाआधी एलव्हीएम तिथे जुन्या रचनेची प्रत ठेवतं आणि कुठली आज्ञा चालवण्याआधी ती ठेवली हेही लिहून ठेवतं. बुधवारी ५:४६ च्या फाइलीत स्पष्ट दिसलं: आकाराच्या जागी '१०० टक्के फ्री'.

सी चा प्रोग्राम उघडला. आलेल्या मजकुराचा आकडा करायला एटूआय वापरलंय. आकडा शून्य असेल तर 'उरलेली सगळी जागा द्या'. ही सोय कंत्राटदारानं स्वतःसाठी ठेवली असावी, कागदपत्रांत तिचा उल्लेखही नाही.

नवा व्हॉल्यूम रिकामाच होता. तो काढला, पूल वाढवला, फाइल सिस्टीम तपासून घेतली. यंत्राचं काम तासाभरात उरकलं. आता मला ठरवायचंय की चूक नक्की कुठल्या पायरीची, आणि दुरुस्ती कुठे करायची. सहकाऱ्याला मी एका शब्दानंही बोललेले नाही आणि बोलणारही नाही.

---

सह्यकडा | मंगळवार, रात्री ११:२५

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्टच लिहितो: डिस्कशी खेळणारी साधनं सर्वांच्या हाती देऊच नयेत. आम्ही शिकलो तेव्हा पहिला धडा हाच होता की रूट असताना एंटर दाबण्याआधी ओळ परत वाचायची. तुम्ही कितीही तपासण्या घाला, माणूस त्यातून वाट काढतो. पान बंद करा, जागा तुम्हीच द्या.

---

कर्नलवाचक | बुधवार, सकाळी ७:१०

सह्यकडा, ओळ परत वाचून इथे काय दिसलं असतं? 'आकार २०'. त्या माणसानं बरोबरच आकडा टाकला होता. त्याच्या पुढ्यात चुकीचं असं काही नव्हतंच.

दफ्तरखाना, एटूआयबद्दल सांगतो. सी च्या वर्गात पहिल्याच महिन्यात हे फंक्शन शिकवतात आणि त्याचा खरा दोष कोणी सांगत नाही. आकडा सापडला नाही तर ते शून्य देतं. मजकुरातच शून्य असेल तरी शून्यच देतं. दोन्हींत फरक करायला काही मार्गच नाही. देवनागरी २० म्हणजे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सहा बाइट, प्रत्येक अंकाला तीन. पहिला बाइट ०-९ मध्ये बसत नाही म्हटल्यावर एटूआय तिथेच थांबतं आणि शून्य हातावर ठेवतं.

त्याऐवजी स्ट्रटोल वापरा. आपण कुठल्या अक्षरापाशी थांबलो हे ते सांगतं. सुरुवातीपाशीच थांबलं असेल तर आकडा नव्हताच. शेवटापर्यंत पोचलं नसेल तर मागे कचरा आहे. हद्दीबाहेरचा आकडा असेल तर एररनो मध्ये, म्हणजे सी जिथे चूक नोंदवतं तिथे, तसं दिसतं. तिन्ही बघायचं. आणि 'आकार ऋण नसतो' म्हणून कोणी बिनचिन्हाचं स्ट्रटोउल सुचवलं तर ऐकू नका. उणे १ दिलं तर ते नाकारत नाही, गुमान प्रचंड मोठी संख्या देतं.

यात मला सर्वांत लागलेली गोष्ट अशी की एलव्हीक्रिएटला तो मजकूर जसाच्या तसा दिला असता तर त्यानं तो नाकारला असता. आकडा वाचता आला नाही तर एलव्हीएम तिथेच थांबतं. मधल्या प्रोग्रामनं आपला शहाणपणा चालवून न कळलेल्याचं शून्य केलं आणि शून्याचं 'सगळं' केलं.

---

पारिजातक | बुधवार, सकाळी ९:४०

मला पायथॉनची बाजू बघायची आहे. ताई, पानावर आकाराची तपासणी होती का? असेल तर कशी?

---

दफ्तरखाना | बुधवार, सकाळी १०:०५

होती. रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर ताडून बघायच्या साच्यात, बॅकस्लॅश-डी (अंकाची खूण), एक ते चार वेळा. पास झालं की तोच मजकूर पुढच्या प्रोग्रामला.

---

पारिजातक | बुधवार, सकाळी १०:३०

मग हेच आहे. पायथॉन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक. देवनागरी, बंगाली, अरबी, सगळे चालतात. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर रेगेक्सला आस्की असं वेगळं सांगावं लागतं. मजकुराची संख्या करणाऱ्या इंट ला देवनागरी २० दिलं तर ते अचूक वीस देतं, तेही बरोबरच आहे. जावास्क्रिप्टमध्ये उलट: तिथे बॅकस्लॅश-डी इंग्रजी अंकांपुरतंच आणि देवनागरी मजकुराचा नंबर करायला गेलं तर 'नॅन', म्हणजे 'संख्या नाही', येतं. जावाचं पार्सइंट देवनागरी घेतं, पण जावाच्याच रेगेक्समधलं बॅकस्लॅश-डी आपणहून घेत नाही. एकाच भाषेत दोन नियम!

म्हणजे ताई, तुमच्याकडे तपासणी नव्हती असं नाही. तपासणाऱ्याला जो आकडा दिसला, तो वापरणाऱ्याला दिसलाच नाही. तपासून झाल्यावर मूळ मजकूर पुढे पाठवला, तिथे घात झाला. पुढे जायला हवी होती तपासणीतून निघालेली संख्या. पानानं इंट करून वीस ही संख्या हातात घ्यायची, तिच्यावर हद्दी लावायच्या आणि पुढे पाठवताना त्या संख्येपासून नव्यानं मजकूर बनवायचा. माणसानं टंकलेली अक्षरं रूटच्या दारापर्यंत जायलाच नकोत.

---

तळटीप | बुधवार, दुपारी १:१५

मी संगणकातली नाही, कोशाचं काम करते. एक विनंती करायला लिहितेय. हे वाचून उद्या दहा जण आपापल्या साधनात 'फक्त इंग्रजी आकडे टाका' अशी पाटी लावतील आणि पडताळणी केली म्हणतील. कृपया तसं करू नका. आम्ही दिवसभर मराठीत लिहितो, पृष्ठक्रमांक, सालं, सगळं देवनागरीत. दर चौकटीपाशी कळफलक बदलायचा हा काच आहे. देवनागरी २० हा अपभ्रंश नाही, तोही वीसच आहे. जे यंत्राला कळतं ते त्यानं घ्यावं.

---

पारिजातक | बुधवार, दुपारी १:४०

शंभर टक्के सहमत. आणि वर लिहिलेली पद्धत धरली तर दोन्ही साधतं. आत येताना देवनागरी चालेल, पुढे जाताना संख्या जाईल. नाकारायचंच असेल तर जे कळलं नाही ते नाकारायचं.

एक बारीक खाच मात्र आहे. पायथॉनमध्ये 'इझडिजिट' नावाची तपासणी वरच्या लहान दोनाला, म्हणजे वर्ग दाखवायला लिहितो त्याला, होकार देते, आणि मग इंट त्याच्यावर आपटतं. त्यामुळे आधी विचारून मग बदलण्यापेक्षा थेट इंट करावं आणि चूक आली तर ती पकडून माणसाला सांगावं.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

मी एका डेटा सेंटरला रात्रपाळी करतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण दुखणं हेच.

एका व्हॉल्यूममधून ५० जीबी कमी करायचे होते. व्हॉल्यूम लहान करणाऱ्या एलव्हीरिड्यूसला आकारात उणे ५० जी दिलं तर ५० ने कमी होतं. उणे चिन्ह लिहायचं राहिलं तर व्हॉल्यूम ५० जीबीचा होतो. व्हॉल्यूम होता ६०० चा. आमच्याकडे त्यासाठी शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची लिहून ठेवलेली यादी, होती, तिला आकडा द्यायचा आणि चिन्ह ती स्वतः लावायची. तिच्या नव्या आवृत्तीत ती ओळ बदलताना चिन्ह गळलं. एलव्हीएमनं विचारलं असतं, मोठ्या अक्षरांत इशारा देऊन विचारतं की डेटा नष्ट होऊ शकतो, हो की नाही. पण स्क्रिप्टमध्ये सगळ्या प्रश्नांना आधीच 'हो' दिलेलं होतं. मेटाडेटाची, म्हणजे रचनेच्या नोंदीची, प्रत लगेच परत चढवून आकार पूर्ववत केला. व्हॉल्यूम त्या वेळी माउंट, म्हणजे वापरासाठी जोडलेला, नव्हता आणि मधे त्या जागेवर कोणी काही लिहिलं नव्हतं, म्हणून वाचलो. हात थरथरत होते.

त्या रात्रीपासून 'हो का नाही' असं विचारणं आणि पडताळणी या माझ्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विचारून जबाबदारी माणसाच्या गळ्यात पडते, आकडा काही तपासला जात नाही.

---

कर्नलवाचक | गुरुवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी, तुमच्यासारख्यांमुळेच असेल, एलव्हीएमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एलव्हीरिड्यूस आत कुठली फाइल सिस्टीम आहे आणि ती केवढी आहे ते आधी पाहतं. कापल्या जाणाऱ्या जागेत ती पसरलेली असेल तर आज्ञाच नाकारतं. तोच आता नेहमीचा वागणुकीचा नियम आहे, वेगळं काही सांगावं लागत नाही. मला ही खरी पडताळणी वाटते: दिलेली संख्या व्याकरणात बसते का एवढ्यावर न थांबता डिस्कवरच्या वस्तुस्थितीशी ताडून पाहिली. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम तर व्यवहारात आकसवता येतच नाही, तिथे याची किंमत फार मोठी.

एककांचंही लक्षात ठेवा. एलव्हीक्रिएटला आकार देताना एकक लिहिलं नाही तर तो मेगाबाइट धरला जातो. नुसतं वीस दिलं तर वीस एमबी, वर एक्स्टेंटच्या पटीत, म्हणजे सहसा ४ एमबीच्या पटीत, पूर्ण केलेला. डिस्कचे भाग पाडणाऱ्या पार्टेडमध्ये एमबी म्हणजे दहा लाख बाइट, आणि १०२४ च्या हिशेबाचं एमआयबी वेगळं. आणि शेलमध्ये हिशेब करत असाल तर पुढे शून्य लावलेला आकडा अष्टमान समजला जातो. ०१० म्हणजे आठ. ०८ ला तर ते अडूनच बसतं. आमच्याकडे एकानं रकाने सरळ दिसावेत म्हणून ०४० असं लिहिलं आणि ३२ चा व्हॉल्यूम मिळाला.

---

पारिजातक | गुरुवार, सकाळी ११:२०

काल रात्री विचार करत होते. आपण सगळे टंकलेल्या आकड्यांबद्दल बोलतोय. डिस्कच्या साधनांना आणखी एका वाटेनं इनपुट येतं आणि ती वाट कोणाच्या ध्यानात नसते: खुद्द डिस्क. तिच्यावरचं नाव, म्हणजे लेबल, कोणीही काहीही लिहून ठेवू शकतं.

केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपमध्ये २०१८ साली सापडलेली चूक, सुरक्षेच्या चुकांच्या यादीत सीव्हीई-२०१८-६७९१. पेन ड्राइव्हच्या लेबलात डॉलरचं चिन्ह आणि कंसात एखादी आज्ञा लिहिली, ड्राइव्ह खोचला आणि सूचनेवर टिचकी मारून माउंट केला की ती आज्ञा शेलमध्ये चालायची. ५.१२ मध्ये दुरुस्ती आली. त्याच वर्षी यूडिस्क्स या डिस्क हाताळणाऱ्या सेवेच्या २.८.० मध्ये लेबलातलं टक्क्याचं चिन्ह नोंदी लिहिणाऱ्या फंक्शनला थेट साचा म्हणून जात होतं. २.८.१ मध्ये ते बुजवलं.

अँड्रॉइडचं उदाहरण तर ताईंच्या घटनेचं सख्खं भावंड आहे. तेही २०१८ मधलंच, गूगलच्या प्रोजेक्ट झिरो गटानं दाखवलेलं. फोनमधला व्होल्ड हा प्रोग्राम ड्राइव्हची माहिती ब्लकआयडी या ड्राइव्ह ओळखणाऱ्या साधनाकडून घेतो आणि आलेल्या मजकुरात ओळखक्रमांक शोधतो. ब्लकआयडी लेबल छापताना त्यातली अवतरणचिन्हं निष्प्रभ करत नव्हतं. फॅट डिस्कचं लेबल अवघं ११ अक्षरांचं, पण तेवढ्यात खोटा ओळखक्रमांक, त्यात वरच्या फोल्डरात जाणारे दोन टिंब आणि तिरकी रेघ, सगळं मावलं. व्होल्डनं तोच खरा धरला आणि ड्राइव्ह भलत्याच जागी माउंट केला. लिहिणाऱ्याचा एक नियम, वाचणाऱ्याचा दुसरा.

फार जुनं म्हणाल तर नोव्हेंबर २००१, मॅक ओएस टेनसाठी आलेलं आयट्यून्स २. इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हं नव्हती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असली की शेल त्याचे दोन तुकडे करायचं आणि पुसण्याची आज्ञा भलत्याच डिस्कवर जायची. ॲपलनं घाईघाईनं २.०.१ काढली.

---

दफ्तरखाना | गुरुवार, दुपारी ३:३०

पारिजातक, तुझं वाचून मी 'नाव' या चौकटीकडे वळले. तिथे तपासणी होती बॅकस्लॅश-डब्ल्यूची, म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेषा. गंमत म्हणून नाही, काळजीनं एकेक शब्द टाकून पाहिले. 'कमल' पास. 'मोडी' नापास. 'रुमाल' नापास. 'घर' पास.

अर्धा तास कळेना. मग लक्षात आलं की पायथॉनच्या लेखी काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरंच नाहीत. सुटी व्यंजनं चालतात, मात्रा लागली की शब्द बाद. आणि 'कमल' पास झालं तरी पुढे एलव्हीएम ते नाकारणारच, कारण व्हॉल्यूमच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधिक, अधोरेषा, टिंब, संयोगरेषा एवढंच चालतं.

---

सह्यकडा | गुरुवार, सायंकाळी ६:०५

परवा मी जरा तोडून बोललो. 'ओळ परत वाचा' हे या प्रसंगाला लागू नव्हतं, कर्नलवाचक बरोबर आहेत.

तरी माझा एक मुद्दा उभा आहे. समजा सगळं नीट वाचलं आणि कोणी खरोखरच ९०० टाकलं. संख्या शुद्ध आहे, जागाही आहे. पूल वाढायला मग काय उरेल? ही चौकट दुरुस्त करून भागणार नाही. पुलाच्या वाढीसाठी किती जागा कायम राखीव, हे साधनाला माहीत हवं आणि ती सोडून उरलेल्यातूनच त्यानं द्यावं. मी आमच्याकडे ग्रुपमध्ये एक रिकामा व्हॉल्यूम राखण म्हणून बनवून ठेवतो. अडचण आली की तो काढायचा, जागा हजर. साधन कितीही बिघडलं तरी त्या जागेला हात लावू शकत नाही.

---

दफ्तरखाना | रविवार, सकाळी ११:००

सह्यकडा, राखणेची कल्पना शुक्रवारीच अमलात आणली. ३०० जीबीचा व्हॉल्यूम, नाव 'राखीव', अर्थात इंग्रजी अक्षरांत.

बाकी झालेलं सांगते. सी मधला प्रोग्राम काढूनच टाकला. 'शून्य म्हणजे सगळं' त्याच्याबरोबर गेलं. पान आता आकाराचं इंट करतं, न जमल्यास 'हा आकडा समजला नाही' असं मराठीत सांगतं, १ ते १०० च्या बाहेरचं घेत नाही, आणि ग्रुपमधली मोकळी जागा त्या क्षणी विचारून मगच पुढे जातं. एलव्हीक्रिएटला एककासकट आकार थेट जातो, शेलला मधे न घेता. व्हॉल्यूमचं नाव साधन स्वतः क्रमांकानं ठरवतं आणि माणसानं दिलेलं मराठी नाव वेगळ्या तक्त्यात राहतं, मात्रांसकट. शेवटी बनलेल्या व्हॉल्यूमचा आकार एलव्हीएमकडून परत वाचून तोच पानावर दाखवतं. त्या बुधवारी एवढी एक ओळ असती तरी सहकाऱ्याला '१ टीबी' दिसलं असतं आणि त्यानं मला हाक मारली असती.

चाचणीसाठी वही केली आहे: देवनागरी २०, इंग्रजी २०, दोन्ही मिसळून, उणे ५, ०१०, शून्य, रिकामं, वर्गाचा लहान दोन, वीस अंकी संख्या, मधे मोकळी जागा, दशांश. पहिले तीनही वीस समजून घेतो. ०१० चे दहाच होतात. उरलेले सगळे नाकारतो.

स्कॅनिंगच्या प्रोग्राममध्ये फाइल खरंच डिस्कवर गेली का हे तपासणं अजून बाकी आहे. तो बाहेरून घेतलेला आहे, बनवणाऱ्यांना लिहिलंय. तोवर पाळी संपली की फाइली दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून बघतो.

---

तळटीप | रविवार, दुपारी १२:२०

आणि रुमाल?

---

दफ्तरखाना | रविवार, दुपारी १२:४५

काल पूर्ण झाला. २१२ पैकी २१२, यादीशी एकेक ताडून. तीन कागद घडीवर आणखी थोडे उकलले आहेत. ते जतनाच्या टेबलावर वेगळे ठेवलेत, बाकीचा रुमाल परत बांधला.